प्रसाद संपल्यावर जे उरतं (गीता 3.13)



काल आपण तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक पाहिला. सृष्टीकडून घेतलेलं तिला काहीच परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. "चोर हा शब्द जरा जास्तच नाही का?" असं दोघा-तिघांनी विचारलं. आजचा तेरावा श्लोक वाचलात तर चोर हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द वाटेल.

अर्थ सोपा आहे. यज्ञ झाल्यावर जे शेष उरतं ते खाणारे संत सगळ्या पापांतून मोकळे होतात. आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते पाप खातात. पोटात जातं ते दिसायला अन्न, असायला पाप. ज्ञानेश्वर माउलींनी या जागी यज्ञाचा अर्थ स्वधर्माचरण असा उलगडून सांगितलाय, त्यामुळे "आमच्याकडे कुठे होमकुंड आहे?" ही पळवाट आपल्याला उरत नाही. ज्याला जे काम वाट्याला आलंय ते नीट करणं, त्याचं फळ आधी सगळ्यांसमोर ठेवणं, मग उरेल ते आपण घेणं. आपण रोज ज्याला प्रसाद म्हणतो तो हाच शेष.

मी आज अडकलो तो या 'शेष' शब्दावर. यज्ञाचा शेष म्हणजे प्रसाद, हे कळलं. पण प्रसाद खाऊन झाल्यावर जे उरतं, ते काय?

पुण्यातल्या मंडळींना हे चित्र सांगायला नको. ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या शहरात येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबारायांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. त्या दोन दिवसांत अख्खं शहर हातात काहीतरी घेऊन रस्त्यावर उभं असतं. कुणी पोहे वाटतं, कुणी शिरा, कुणी राजगिऱ्याची चिक्की, कुणी केळी. एकादशी जवळ असली की साबुदाण्याच्या खिचडीची पातेलीच्या पातेली निघतात. वर्षभर लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या हातातला डाव घेऊन वाढायला लागतात. मला आपल्या शहराचा हा सगळ्यात आवडता दिवस वाटतो.

आणि मग पालखी पुढे सरकते आणि रस्ता दिसतो. चंदेरी थर दिलेल्या त्या पांढऱ्या डिश, द्रोण, ग्लास. अर्धे चुरगळलेले, अर्धे वाऱ्याबरोबर नाल्याकडे निघालेले. पाऊस तोंडावर असतोच. खिचडी चिकटलेली डिश गाय चाटते, चाटता चाटता तुकडा तोडते. गोमातेच्या नावाने नैवेद्याचं पान काढणारे आपण, तिला खऱ्या अर्थाने वाढतो ते हे.

अन्नदानाला मी नावं ठेवत नाहीये. उलट सतराव्या अध्यायात तामस यज्ञाची जी लक्षणं सांगितलीत, त्यात पहिल्या काही लक्षणांतच 'ज्यात अन्न वाटलं जात नाही असा यज्ञ' येतो. म्हणजे अन्नदान नसेल तर सगळा खटाटोप तामस. पण त्याच अध्यायात थोडं पुढे सात्त्विक दान कसं असावं ते सांगताना भगवंत तीन गोष्टी बघायला सांगतात : देश, काळ आणि पात्र. तिथे पात्र म्हणजे दान घेणारा माणूस, हे मला माहीत आहे. तरी मराठी मन त्या शब्दापाशी थबकतंच, कारण आपल्याकडे पात्र म्हणजे भांडंही. घेणाऱ्याची पात्रता तपासायला आपण किती तयार असतो! दारावर आलेल्याला दोन रुपये देताना दहा प्रश्न विचारतो. आणि ज्यात वाढतो त्या पात्राची पात्रता कधी विचारली का?

जरा इंजिनिअर होऊन विचारू. (भक्तीच्या ब्लॉगवर केमिस्ट्री आली म्हणून टॅब बंद करू नका, दोनच परिच्छेद आहेत.)

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. खनिज तेलापासून निघणारं प्लास्टिकच ते, फक्त फुगवलेलं. मखरासाठी जे ठोकळे वापरतात त्यांचे मुळात बारीक दाणे असतात, त्यात पेंटेनसारखा वायू भरलेला असतो. वाफ दिली की दाणा फुगून कितीतरी पट मोठा होतो आणि शेजारच्या दाण्याला चिकटतो. त्या ठोकळ्यात 95 टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते. डिशसाठी हेच प्लास्टिक फुगवून त्याचा तक्ता काढतात आणि साच्यात दाबतात. हलकं, स्वस्त, हाताला चटका बसत नाही. त्याचे गुणच त्याचे दोष आहेत. हलकं म्हणून उडतं. हवाच जास्त म्हणून गोळा करून दूरच्या कारखान्यात न्यायचं तर टेम्पोभर हवा वाहायची. कचरा वेचणाऱ्या ताई वजनावर पैसे मिळवतात. पोतं भरून थर्माकोल नेलं तरी हातात काही पडत नाही, म्हणून त्या उचलतही नाहीत. त्यात ते खिचडीच्या तुपाने माखलेलं. "रीसायकल करू ना" हे वाक्य कागदावर बरोबर आहे, भवानी पेठेतल्या रस्त्यावर नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने फोमच्या डब्यांवर बंदी आणली तेव्हा नेमका याच मुद्द्यावर वाद होऊन 2015 मध्ये ती बंदी कोर्टात अडली होती. शेवटी 1 जानेवारी 2019 पासून ती लागू झाली. तिथे राहणारे आपले काही वाचक आहेत, त्यांनी हा बदल डोळ्यांनी पाहिलाय.

दुसरी गोष्ट खाणाऱ्याच्या अंगाची. पॉलिस्टायरिन ज्या स्टायरिनपासून बनतं, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. तयार डिशमध्ये त्याचा अगदी थोडा अंश उरलेला असतो, तो गरम आणि तेलकट पदार्थात जास्त उतरतो. एका डिशने कुणाला काही होत नाही, उगाच घाबरवायचं नाहीये. पण गरम आणि तेलकट म्हणजे नेमकं काय? आपला शिरा आणि आपली खिचडी.

आता श्लोकाकडे परत. उद्याच्या श्लोकात भगवंत एक चक्र सांगणार आहेत : प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून. आणि सोळाव्या श्लोकात म्हणतात की हे फिरणारं चक्र जो पुढे चालवत नाही त्याचं जगणं फुकट. या चक्रात पळसाची पत्रावळ कुठे बसते ते बघा. झाडाने पान दिलं, कुणा मावशीने काड्यांनी टाचलं, त्यावर भात वाढला, जेवण झालं, पत्रावळ उकिरड्यावर गेली, उकिरड्याचं खत शेतात, शेतात परत भात. चक्र पूर्ण. थर्माकोलची डिश या चक्रात शिरतच नाही. ती उन्हात ठिसूळ होते, तुटते, दाणे दाणे होते. माती मात्र होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा टेक्निकल डेट आहे. रिलीजच्या घाईत आपण शॉर्टकट मारतो, डेमो छान होतो, टाळ्या पडतात. निस्तरतो कोण, तर पुढच्या वर्षी त्या कोडबेसवर येणारा नवा मुलगा. शास्त्रात याला सरळ ऋण म्हटलंय, आणि पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितलाय तो प्राणिमात्रांचं हेच ऋण फेडायला.

मग मुद्दा येतो कायद्याचा, आणि खरं तर आज त्यावरच लिहायचं होतं.

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांमध्ये प्लास्टिक निघालं. पुढच्या वर्षी राज्याने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली 23 मार्च 2018 ला अधिसूचना निघाली आणि प्लास्टिक पिशव्यांबरोबर थर्माकोलची ताटं, वाट्या, ग्लास, सगळ्यावर महाराष्ट्रात बंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर 5 हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. साठा संपवायला मुदत मिळाली ती तीन महिन्यांची. त्या वर्षी मखरांच्या थर्माकोलला सवलत मिळावी म्हणून व्यापारी उच्च न्यायालयात गेले होते; सवलत मिळाली नाही. पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्राच्या नियमांनी एकदाच वापरायच्या प्लास्टिकची ताटं-ग्लास आणि सजावटीचं थर्माकोल देशभर बंद झालं. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी डिशवरही बंदी आणली, कारण लोकांनी थर्माकोल सोडून तेच उचललं होतं. आपण पळवाट शोधण्यात किती हुशार, याचा तो सरकारी पुरावाच म्हणा.

यावर सत्संगात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य : "देवाच्या कामात कायदा कशाला? भाव महत्त्वाचा." भाव महत्त्वाचा आहेच. पण वारीत कधी चाललात का? माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या रथामागे. कुणी म्हणत नाही की माझा भाव मोठा, मी आज पुढे चालणार. समाज आरतीला चोपदाराने चोप वर केला की एवढा अफाट समुदाय गप्प होतो, टाळसुद्धा वाजत नाही. तो नियम आहे, आणि त्या शांततेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, त्याने भाव कमी झाला का. मला तर वाटतं लाखो लोकांचा भाव एकत्र वाहायचा तर त्याला काठ लागतात. लोकसंग्रह हा शब्द याच अध्यायात विसाव्या श्लोकात येतो. भगवंत म्हणतात, तुला स्वतःला गरज नसली तरी लोकांची घडी नीट राहावी म्हणून कर्म कर. कायदा हा लोकसंग्रहाचा कोरडा, सरकारी भाषेतला भाऊ आहे. दिसायला रुक्ष, पण घरातलाच.

"मी माझ्यापुरता सुधारलो की झालं" हेही खूप ऐकलं. यात एक हिशोब सुटतो. समजा दोन केटरर आहेत. एकाच्या मनात आलं की पत्रावळीतच वाढायचं. त्याचा दर वाढला. मंडळाने दुसऱ्याला काम दिलं. पहिल्याचं पुण्य त्याच्याकडे, थर्माकोल रस्त्यावर तेवढंच. चांगलं वागणाऱ्याला तोटा आणि बाकीच्यांना फायदा, अशी मांडणी असेल तिथे नुसतं "चांगलं वागा" सांगणं हा चांगल्या माणसावरच अन्याय आहे. नियम सगळ्यांना एकच झाला की त्याला निदान त्याच्या भावाची किंमत एकट्याने मोजावी लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो ना, युजरला सूचना देत बसू नका, डिफॉल्ट बदला.

इथे कुणीतरी गाडगेबाबांचं नाव काढणारच, आणि काढावंच. त्यांनी कुठला कायदा आणला होता? गावात शिरले की आधी खराटा, दिवसभर रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. आणि डोक्यावर किंवा हातात ते फुटकं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं. ज्या माणसाचं नावच त्याच्या पात्रावरून पडलं, त्याच्याहून मोठा दाखला मला या विषयात सापडत नाही. पण त्यांच्या खराट्याखाली काय यायचं ते आठवा. पालापाचोळा, शेण, चिंध्या, राख, उष्ट्या पत्रावळी. खराट्याने ते उकिरड्यापर्यंत न्यायचं, पुढचं काम माती करायची. आज तोच खराटा थर्माकोलवर चालवला तर कचरा फक्त एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जातो, तिथून नदीत. खराटा कमी पडतो तो आपण आळशी झालो म्हणून नाही. ज्याला माती घेत नाही अशी वस्तू आपण तयार केली म्हणून. ती थांबवायची तर रस्त्यावर थांबून उपयोग नाही, कारखान्याच्या आणि दुकानाच्या दारात थांबवावी लागते. आणि तिथे तुमचा-माझा खराटा पोचत नाही.

कायद्याबद्दल मला तक्रारही आहे. तीन महिने फार थोडे होते. लग्नसराईच्या तोंडावर माल भरलेल्या छोट्या लोकांचं त्यात वाटोळं झालं. मखरं कोरणाऱ्या कारागिरांची बोटं एका वर्षात पुठ्ठ्यावर बसत नाहीत. आणि पुढे अंमलबजावणी? दंडाची पावती भेळेच्या गाडीवर आधी फाटते. बाजारात मागच्या खोलीतून डिशचा गठ्ठा अजून निघतो, म्हणजे कुठेतरी बनतो. अशा वेळी "कायदाच चुकीचा" म्हणणं सोपं असतं. मला कायदा बरोबर वाटतो. तो खालच्या माणसावर जोरात आणि वरच्या माणसावर हळू पडतो, हे चूक वाटतं. या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

हे सगळं आत्ताच का सुचलं, तर आमच्या मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. आम्ही वीस-पंचवीस जण दरवर्षी पालखीला खिचडी वाटतो. मेसेज आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा. पूर्वी त्यांचा मांडव आणि केटरिंगचा धंदा होता. त्यांनी लिहिलं : "माझ्याकडे पाच हजार डिश पडून आहेत. 2018 चा माल. यंदा माझ्याकडून सेवा म्हणून घ्या. पैसे नकोत." खाली वीस नमस्काराचे हात.

आता सांगा, काय करायचं? काका आमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. माणूस वारकरी, गळ्यात माळ. धंदा बसला त्या माणसाचा, आणि तो उरलेल्या मालातूनही सेवाच करायची म्हणतोय. आमचं बजेट मर्यादित, पत्रावळी घ्यायच्या तर खिचडी कमी करावी लागते. आणि आपल्याकडे मोठ्यांनी देऊ केलेलं दान तोंडावर नाकारायची पद्धत नाही. ग्रुपवर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग मला सांगितलं, तू गीतेवर लिहितोस, तूच बोल.

फोन करण्याआधी मला जाणवलं की कायद्याचा एक उपयोग मी कधी विचारातच घेतला नव्हता. लहान माणसाला मोठ्या माणसापुढे नाही म्हणायचं असतं तेव्हा तो शब्द पुरवतो. "काका, मला तुमची डिश नको" असं म्हणणं वेगळं आणि "काका, बंदी आहे हो" म्हणणं वेगळं. दुसऱ्यात मी त्यांच्या सेवेवर बोट ठेवत नाही. तेच म्हणालो.

काका हसले. "वारीत कोण बघतोय रे कायदा!"

खरं होतं ते. वारीत खरंच कोणी बघत नाही. तिथे माझा सरकारी आधार संपला. मग मी त्यांना एवढंच विचारलं की काका, गेल्या वर्षी ती सोलापूरकडची आजी आठवते का? आमच्या टेबलाजवळ आली, एका मुलाने डिश पुढे केली, तर तिने गाठोड्यातून स्वतःची स्टीलची ताटली काढली आणि म्हणाली, "ह्यात वाढ की लेकरा, ते कशाला नासतोस?" खाल्लं, टँकरच्या नळाखाली ताटली विसळली, ते पाणीही प्यायली आणि चालायला लागली. वारकऱ्यांपैकी कितीतरी जण ताटली-तांब्या बरोबर घेऊन चालतात. आपण त्यांना विचारतच नाही, डिश हातात कोंबतो, कारण आपल्याला पटपट वाढायचं असतं. त्या आजीने यज्ञाचा शेषही खाल्ला आणि मागे काहीच शेष ठेवला नाही. तेरावा श्लोक तिला कुणी शिकवला असेल-नसेल.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठवते. पण मग मला एक सांग. मी ह्या पाच हजारांचं करू काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नीट विचार केलात तर लक्षात येईल, कुणाकडेच सोपं उत्तर नाहीये. जाळता येत नाही, धूर विषारी. पुरता येत नाही, माती घेत नाही. भंगारवाला उचलत नाही. वापरलं तरी ते उरणार आणि नाही वापरलं तरी उरणार. त्या माळ्यावरच्या गठ्ठ्याकडे बघून मला तेराव्या श्लोकातलं पाप या शब्दाचं वजन पहिल्यांदा नीट कळलं. आणि त्याचा दोष एकट्या काकांचा नाही. त्यांनी तो माल घेतला तेव्हा सगळं शहर तोच घेत होतं. कायदा 2018 ऐवजी वीस वर्षं आधी आला असता, तर हा गठ्ठा बनलाच नसता आणि काकांचा धंदाही कदाचित पत्रावळींवर तरला असता. बंदीचं खरं काम पुढच्या गठ्ठ्यापुरतंच असतं. मागचा सगळ्यांनी मिळून वाहायचा.

तर सध्याची स्थिती अशी. आमच्यातली एक ताई वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारणार आहे की पालिका हा साठा ताब्यात घेते का आणि पुढे त्याचं काय करते. घेतील तर टेम्पोचं भाडं मंडळ देणार, काका नाही. काकांनी डिशऐवजी स्वतः उभं राहून वाढायचं कबूल केलंय, आणि धंद्यातल्या सवयीने लगेच हिशोबही मांडला : ज्याच्याकडे ताटली त्याला ताटलीत, बाकीच्यांना पत्रावळ, मग पत्रावळी निम्म्याच लागतील, साबुदाणा कमी करायची गरज नाही. "धुवायला पाण्याचं पिंप ठेवा, नाहीतर कोण ताटली काढणार नाही," हेही त्यांनीच सांगितलं. पत्रावळी घेताना खाली प्लास्टिकचा थर लावलेल्या नकोत, नुसत्या पानांच्या बघायच्या. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, नखाने कोपरा सोलून बघा. उसाच्या चिपाडाच्या किंवा सुपारीच्या झावळीच्या मिळाल्या तरी चालतील, पण महाग पडतात. उष्ट्या पत्रावळींसाठी वेगळी पोती, ती दुसऱ्या दिवशी एका शेतकरी मित्राच्या खतखड्ड्यात.

तुमच्या भागात पालखीला, भंडाऱ्याला किंवा गणपतीच्या महाप्रसादाला काय वापरता ते लिहा. कुणाकडे असाच जुना साठा असेल आणि पालिकेने तो घेतला असेल, तर कसा ते मुद्दाम लिहा. काकांना फोन करून सांगेन.

उद्या 3.14, पाऊस आणि यज्ञ.

राम कृष्ण हरी.